हीराबाईचे वीस फूट

हिलाल सरांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता: मोजमापावर आणि त्यातल्या चुकीवर. नरडाण्याजवळच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत. लग्नाचा मुहूर्त सांगितला तरी "घड्याळ कुणाचं?" असं विचारत. बायको पुष्पाबाई म्हणायची, "यासले वरनमाबी चूक दिखस," म्हणजे वरणातही.

एकोणनव्वद साली तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी पुठ्ठ्याच्या नळीचं रॉकेट केलं, आत दिवाळीच्या बाणातली दारू. उत्तमचंद शेठच्या कापसाच्या बंद जिनिंगच्या आवारात, चिमणीच्या पायथ्याशी ते उडवायचं ठरलं. तिथून शंभर फुटांवर सर उताणे पडत आणि कोनमापकाला नट बांधून लोंबता सोडलेला दोरा वाचत; त्या कोनावरून आणि अंतरावरून उंची काढत. उभं राहून वाचलं तर लोक डोळ्याची उंची मिळवायला विसरतात, असं त्यांचं म्हणणं. ते शंभर फूट वीस फुटी नाड्याने, म्हणजे जाड दोराने, मोजून दिले शिपाई झुलालने. झुलाल पूर्वी बाजारात धान्य मापायचा, त्यामुळे त्याच्या मापावर संशय घेणं सरांनाही सुचलं नाही.

पाच उड्डाणांची सरासरी आली दीडशे फूट. वारा, दोऱ्याचे हेलकावे, कमीजास्त भरलेली दारू, सगळ्यांवर आरोप ठेवून सरांनी तक्त्यावर लिहिलं: सात फूट इकडे किंवा तिकडे. मग पडताळा म्हणून त्याच जागेवरून चिमणी मोजली. ती शंभर भरली. शेठच्या घरी तर ती एकशे वीस फुटांची म्हणून सांगत.

शहाण्या माणसाने आधी नाडा पुन्हा टाकला असता. सर पानटपरीवर गेले आणि म्हणाले, "शेठच्या बापाला गवंड्याने वीस फुटांना गंडवलं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चिमणी बांधणाऱ्या त्या बापाची बायको, शेठची आई हीराबाई, ऐंशीची होती. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी काठी टेकत शाळेत आली.

"मास्तर, आमच्या यांचे वीस फूट तुम्ही कुठे ठेवले?"

सर म्हणाले, सगळ्यांदेखत पुन्हा मोजतो. चिमणी कमी भरली तर मेलेला माणूस गावात कायमचा मूर्ख ठरणार होता. पुरी भरली तर सरांना तोंड दाखवायला जागा नव्हती. जिनिंगच्या आवारात जत्रा भरली. झुलालने पायथ्यापासून नाडा पसरला, हात जोडले, पुढे सरकून पुन्हा पसरला आणि म्हणाला, "एक."

"थांब. आधीचा कुठे गेला?"

"पहिलं माप देवनं रहास, सर. ते मोजतस नही."

तीस वर्षं धान्य मापताना त्याने पहिलं माप असंच बाजूला काढलं होतं. शंभर म्हणून मोजलेले फूट एकशे वीस होते. अंतर वाढलं तशी त्याच प्रमाणात उंचीही वाढली: चिमणी एकशे वीस, आणि रॉकेट एकशे ऐंशी. सरांचा कोन बरोबर होता, चूक नाड्याची होती, तरी त्यांचे कान तापले.

हीराबाईला कोनाबिनात रस नव्हता. "आडवं नको, उभं मोजा," ती म्हणाली.

जिनिंगचा जुना फिटर रुपचंद लोखंडी पायऱ्यांनी वर चढला आणि त्याने टेप खाली सोडली. पायथ्याशी सर वाकले. एकशे एकोणीस फूट सहा इंच. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तेवढंच. हीराबाईने त्यांची बाही घट्ट धरली होती. सरांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"एकशे वीस," ते मोठ्याने म्हणाले आणि टेप सोडून दिली. "बरोबर एकशे वीस."

संध्याकाळी हीराबाई जेवली. सरांनी तक्त्यावर रॉकेटची उंची खोडून एकशे ऐंशी केली आणि चुकीच्या कारणांत एक ओळ वाढवली: मोजणाऱ्याने स्वतःला सोडून सर्वांवर संशय घेतला. शेजारी चिमणीचे एकशे वीस लिहिले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी आकडा खोटा लिहिला होता. आता वाईट वाटेल म्हणून ते बराच वेळ वाट बघत बसले. वाटलं नाही.