तुलनेचं रक्त
स्पिरिटचा वास आला की सांगलीच्या लॅबमधली ती दुपार आठवते. रहिमतपूरकडच्या एका बागायतदाराच्या मुलाला मृत दात्याच्या हृदयाची झडप बसवली होती. दाता कोण, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. मुलाच्या रक्तात झडपेविरुद्ध अँटीबॉडीज तयार झाल्या होत्या; तुलनेसाठी निरोगी माणसाचं म्हणून तपासलेल्या माझ्या रक्तात त्या नव्हत्या. हे मी समजावून सांगत असताना बाप माझ्या कोटावरचं आडनाव वाचत होता. आम्ही बौद्ध, आमच्या भागात ते आडनावावरून लगेच कळतं. “मग झडप तुमच्यातल्याचीच असणार,” तो म्हणाला, “आमच्या पोराच्या रक्ताला कशी चालंल?” तुलनेला रक्त आजही मीच देतो. कुणाचं, ते सांगायचं मात्र सोडलंय.