पत्रावळीच्या काड्या

जगात टाकाऊ असं काही नसतं, टाकणारे तेवढे आळशी असतात, असं मानणारा एकच माणूस त्या काळी अख्ख्या भोर तालुक्यात होता आणि तो नेमका आमचा मामा होता. आंबवड्याच्या त्याच्या घरी परसदाराशी तीन पाट्या मांडलेल्या असत. भाजीचे देठ, कांद्याच्या साली, चुलीतली राख हे सगळं पहिल्या पाटीत; ते भुईचं. चिंध्या, बाटल्या, वाकडे खिळे दुसऱ्या पाटीत. ते माणसाचं, म्हणजे आज ना उद्या कुणाच्या तरी कामाला येणारं. तिसऱ्या पाटीत फुटकी काच नि खापऱ्या. तिला मामा "कुणाचंच न्हाई ते" म्हणायचा आणि ती पाटी भरत आली की घरात सुतक पडल्यासारखा तोंड पाडून बसायचा. पाहुणा ओसरीवर विडी ओढू लागला की हा थोटूक विझायची वाट बघत समोर उकिडवा बसे. "पान भुईचं, दोरा माणसाचा. धूर तेवढा तुमचा," असं म्हणून थोटूक मागून घेई. असल्या घरात कोण दुसऱ्यांदा विडी पेटवणार? एकदा मामीच्या हातून कप फुटला. बिचारीने त्याचा कान गुपचूप पहिल्या पाटीत, भाजीच्या देठांखाली दडवला. मामाने तो हुडकून काढला आणि भर जेवणात तिच्यासमोर धरला. "पेरलास व्हय? आता बशीला फुटवा येईल बग."

"तुमाला उकिरड्यासंगंच लगीन लावायला पायजे हुतं," मामी म्हणाली. मला तिचं म्हणणं अगदी पटलं होतं.

पण खरी गंमत, म्हणजे तेव्हा गंमत मुळीच वाटली नव्हती, झाली ती सुमनच्या लग्नात. सुमन ही मामाची एकुलती एक लेक. स्थळ भोंगवलीचं, चांगलं खाऊनपिऊन सुखी. लग्न गोरज मुहूर्तावर होतं, त्यामुळे दुपारची पंगत अक्षतांच्या आधीच बसली. वऱ्हाडी मंडळी बुंदी खाऊन तृप्त झाली, हात धुवायला उठणार, तोच मामा मांडवाच्या मधोमध उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "मंडळी, उठायच्या आदी आपापल्या पत्रावळीच्या काड्या तेवढ्या काढून ठेवा."

मुलीच्या बापाने व्याह्यांकडून उष्टी पत्रावळ उसवून घ्यायची, असं आमच्या मुलखात कुणी ऐकलं नव्हतं. नवऱ्या मुलाचे चुलते ताडकन उठले. "आमी जेवाय आलोय का काड्या उपसाय? चला रं, बैलं जुपा!" मामीने कपाळावर हात मारला. माजघरात हळदीने पिवळी झालेली सुमन दाराला धरून उभी होती, आणि मला तर मामाचा असा संताप आला की त्या तिन्ही पाट्या ओढ्यात भिरकावून द्याव्यात.

मामा चुलत्यांसमोर जाऊन खाली बसला. "पाव्हणं, पत्रावळ खतात जाती, खत भाताच्या खाचरात. काडी कुजत न्हाई लवकर. लावणीला माजी सुमन अनवाणी उतरती, म्हून म्या येक येक काडी येचत आलो. आता ती तुमच्या रानात उतरणार. तितं कोण येचंल?"

चुलते पुन्हा पाटावर बसले आणि आपल्या पत्रावळीतली पहिली काडी त्यांनी ओढून काढली. पाठोपाठ सगळी पंगत कामाला लागली. मामी पदर डोळ्याला लावून हसत होती. अक्षता वेळेवर पडल्या.

दोन वर्षांनी सुमनच्या नणंदेच्या लग्नाला आम्ही भोंगवलीला गेलो. जेवणं उरकत आली आणि मांडवाच्या टोकाकडून तेच चुलते गरजले, "काड्या काढल्याबिगर कुणी उठायचं न्हाई! आमच्या सुनंच्या पायाला टोचत्यात!" मामा माझ्या शेजारीच बसला होता. त्याने मान खाली घातली आणि नको तितका वेळ लावून आपल्या काड्या काढल्या.

आता मामा नाही. लग्नातल्या ताटल्याही कागदाच्या झाल्या, त्यांना काड्या कुठून असणार? तरी पंगतीतून उठताना माझी बोटं अजून ताटलीच्या काठावरून एकदा फिरतात.