कापलेला कोपरा

श्रीनाथ कर्णिकांना एक कुतूहल आयुष्यभर पुरलं: आपण छापतो ते कुणी वाचतं का? भिवंडीत त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, लूमवाल्यांची चलनं आणि निवडणुकीत दोन्ही पक्षांची पत्रकं ते सारख्याच निष्ठेने छापत. लोक पत्रिका हातात घेत, वरच्या गणपतीला नमस्कार करत आणि मुहूर्त तोंडीच विचारत.

सत्त्याऐंशी साली अंजूरच्या केसरीनाथ पाटलांनी बाजारात लग्नाच्या बस्त्याचं दुकान काढलं. जाहिरात म्हणजे रिक्षावर भोंगा, हे त्यांचं ठाम मत. कर्णिकांनी वेगळंच सुचवलं: घरोघर टपालाने छापील कार्ड.

"भोंगा आयकावाच लागतो, कर्णिकशेठ. कान काय मिटता येतात?" केसरीनाथ म्हणाले. "कार्ड कोन वाचनार?"

"नावानिशी आलेलं कार्ड माणूस टाकत नाही, पाटीलशेठ."

"बरा. येकदा बघू. पन गिऱ्हाईक न्हाय आला, तं पुन्ना माज्याकडं कागद घेऊन येयाचा न्हाय."

म्हणजे आयुष्यभराच्या कुतूहलाचा निकाल आता शालूच्या गिऱ्हाइकांच्या हाती गेला.

पत्त्यांसाठी केसरीनाथांच्या घरची आहेराची वही निघाली. खारबावपासून वसईपर्यंतचे झाडून सगळे सोयरे तिच्यात होते. राहता राहिलं, गिऱ्हाईक कार्डामुळे आलं हे ओळखायचं कसं? कर्णिकांनी तोड काढली. प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कापायचा. तसं कार्ड दाखवेल त्याला ब्लाउजपीस फुकट. कटिंग मशिनखाली गठ्ठे गेले, कोपरे सफाईने उडाले. मधोमध 'केसरीनाथ पाटील' हे नाव आणि दुकानाचा पत्ता ठळक, बाकी मजकूर बारीक. कर्णिकांच्या नात्यात मयताची बातमी तारेने येई, म्हणूनही असेल, पण त्या कोपऱ्यात त्यांना फक्त कारागिरी दिसली. गठ्ठे छापखान्यातून परस्पर पोस्टात गेले.

कार्डं पोचली असतील अशा बेताने कर्णिक दुकानाकडे गेले, तर दारात ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात कार्ड. कर्णिकांचा ऊर भरून आला. मग लक्षात आलं, की पांढऱ्या टोप्या घातलेले पुरुष खाली माना घालून उभे आहेत आणि शालूकडे कुणी बघतही नाही.

तेवढ्यात केसरीनाथांची खारबावची मावशी पुतळाबाई हंबरडा फोडत आत शिरली. "केशा रं माज्याऽ!" गादीवर केशा चहा पीत होता. हंबरडा अर्ध्यात थांबला.

"मेल्या, तू जिता हाईस?"

"मावशे, मी कशाला मरू?"

"मंग यो कोपरा कोनी फारला?" तिने कार्ड त्याच्या पुढ्यात आपटलं. "सुनंनं तुजा नाव नि पत्ता वाचला, नि मी डोक्यावरून पानी घेतला!"

कर्णिकांना राहवलं नाही. "पुढचं वाचलं नाही का, आजी?"

"कोपरा फारला म्हंजे मानूस गेला. तसा कार्ड पुढं वाचतात का रं, शाण्या?"

केसरीनाथांनी कर्णिकांकडे पाहिलं. कर्णिकांनी कार्ड उचललं आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं: शालू, पैठणी, वाजवी दर, ब्लाउजपीस. त्यांच्या मजकुराला मिळालेला पहिला वाचक हा असा घरचाच निघाला.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. एक म्हातारा म्हणाला, "मेल्याची खोटी खबर आली, केशाचा आयुष वाढला." चहा सांगितला गेला. पुतळाबाईने डोळे पुसले आणि गादीवर बसकण मारली.

"आता आयलेच हाय, तं नातीचा शालू दाखव. नि त्यो फुकटचा ब्लाउजपीस कंचा? कार्ड हाय माज्याकडं."

तिच्यामागोमाग बाकीचेही बसले. गर्दी पांगल्यावर केसरीनाथ दुकानभर पसरलेल्या साड्यांकडे बघत राहिले.

"भोंग्यानं येवढी मानसा कवा आली न्हायत," ते शेवटी म्हणाले. "फुडल्या सालाला परत छापा. पन कोपरा ऱ्हाऊ द्या. त्याला हलद लावा. नि माजा नाव बारीक."

पुढच्या साली कोपऱ्यांना हळद लावलेली कार्डं गेली. मजकूर कर्णिकांनी या खेपेला मुद्दाम मोठ्या टायपात घेतला होता. आठवड्याच्या आत सोयरे दुकानाच्या दारात हजर. नव्या टोप्या, हातात आहेराची पाकिटं.

"लगीन कोनाचा, केशा?" पुतळाबाईने विचारलं.