उघड्या पाकिटाचं माप

आमच्या ऑफिसात साधी खुर्ची घ्यायची तरी तीन कोटेशनं लागतात. तीन दर, एक तुलनात्मक तक्ता, तक्त्याखाली शेरा आणि शेऱ्याखाली माझी सही. सत्तावीस वर्षं मी हे तक्ते करतो आहे. आजवर एकही खुर्ची बसण्यालायक निघालेली नाही, पण तक्त्यात चूक आहे असंही कोणाला म्हणता आलेलं नाही. त्यामुळे घरात काही घ्यायचं निघालं की सगळे माझ्या तोंडाकडे पाहतात. कूलर असो, मिक्सर असो, गादी असो. बाईनंही पाहिलं, ही तिची चूक.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. भाऊजी गेल्यावर ती उमरेडचं दोन खोल्यांचं घर बंद करून नागपूरला आमच्याकडे आली. ‘चार महिने राहा, मन रमेल,’ असं मी म्हणालो होतो. चार हा आकडा माझा. 

मन रमवायला तिला माझी गरज नव्हती. तिच्याकडे कात्री होती. आहेराची पाकिटं, हातानं केलेल्या पत्रिका, एप्रिलात जयंतीला आणि ऑक्टोबरात दीक्षेच्या दिवसाला निळ्या कार्डशीटवर पांढरं पिंपळपान कोरलेली शुभेच्छापत्रं. पेन्सिलीची रेघ न मारता ती पिंपळाचं पान कापायची, लांब निमुळत्या टोकासकट. समोरच्या खोलीतल्या दिवाणावर तिचं बस्तान. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की कागदाच्या कातरणी खोलीभर उडायच्या. आमच्याकडे आलेला पाहुणा परत जाताना पँटीला दोनचार कातरणी चिकटवून घेऊन जायचा. माझे साहेब एकदा सोनेरी कातरण कॉलरवर घेऊन गेले. त्यांना ती शोभत होती, पण हे सांगणार कोण.

दुसऱ्या वर्षी बाईचा अंगठा सुजायला लागला. एक दिवस जेवताना म्हणाली, “एक मशीन येते म्हणे गा. दांडा फिरवला का कागद कापून निघते. पाहून ठेव. तुले समजते त्यातलं.”

“कोणी सांगितलं?”

“मोबाईलवर पाहिलं. मले काय, त्या बायांची भाषा नाही समजत. पण हात तर दिसतात नं.”

झालं, मी कामाला लागलो. मशीन म्हणजे तसं फार काही नाही. दोन रोलर आणि त्यांच्यामधून सरकणारी एक चळत: खाली प्लेट, प्लेटवर कागद, कागदावर पोलादी साचा, म्हणजे डाय, आणि वर आणखी एक प्लेट. दांडा फिरवला की चळत एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं बाहेर येते आणि साच्याच्या आकाराचा कागद कापून मिळतो. डायऐवजी नक्षी उठवलेली प्लास्टिकची घडी घातली आणि तिच्यात कागद ठेवला की कागद कापला जात नाही, त्याच्यावर नक्षी उठते. एवढं समजायला मला तीन महिने लागले. ऑफिसात डबा खाऊन झाला की मी व्हिडिओ लावायचो. त्यातल्या बायांच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असायचा. त्यांना कागद कापायला स्वतंत्र खोली होती आणि त्या खोलीत आमच्या पूर्ण सेक्शनहून जास्त कपाटं होती. साच्यांत शिंगांची हरणं होती, बर्फाच्या चांदण्या होत्या, मोजे होते. पानाचाही साचा होता, पण ते पान आमच्याकडच्या कुठल्याच झाडाचं नव्हतं. मे महिन्यात नागपुरात बसून मी बर्फाच्या चांदण्यांची तुलना करत होतो, आणि माझ्या चेहऱ्यावर म्हणे फार जबाबदारीचा भाव असायचा.

तक्ता मात्र देखणा झाला. वजन, प्लेटांची संख्या, दांडा उजवीकडे की डावीकडे, तळाला चिकटणारी रबरी बैठक आहे की नाही, दुरुस्ती कुठे होते (कुठेच होत नव्हती), रंग. शेवटचा रकाना मी नंतर वाढवला: वरून धरायला मूठ आहे का. शेवटी दोन मशीनं उरली. एक ए-फोरच्या रुंदीचं, जड, एका जागी ठेवायचं. दुसरं सहा इंची, दोन्ही बाजूंचे पंख मिटले की बायकांच्या पर्ससारखं दिसणारं, वर मूठ असलेलं.

बाईनं माझ्याकडे एकच अट ठेवली होती. तिनं आहेराचं एक पाकीट उकललं, सपाट केलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, “हे त्याच्यातून गेलं पाहिजे. बाकी रंगबिंग तुले आवडन तो घे.”

मी ते पाकीट ऑफिसात नेलं आणि फुटपट्टी लावली. रुंदीला आठ इंचांहून थोडं जास्त, उंचीलाही सातच्या वर भरलं. सहा इंचाच्या फटीतून आठ इंच जात नाही, हे कळायला सत्तावीस वर्षांची नोकरी लागत नाही. मी पाकिटाची घडी केली, फाईलमध्ये ठेवली आणि सहा इंची मशीन मागवलं.

काहून, ते आता सांगतो. तेव्हा ते मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं. मला समोरची खोली परत पाहिजे होती. मोठं मशीन आलं असतं तर त्याला टेबल लागलं असतं. टेबल आलं म्हणजे बाई कायमची आली. लहान मशीन मिटतं, मूठ धरली की उचलता येतं, एसटीत मांडीवर बसतं. बहिणीला ‘आता जा’ म्हणण्याइतका मी वाईट माणूस नव्हतो. मी सभ्य माणूस होतो, म्हणून तिला जाता येईल असं मशीन आणून दिलं.

आणि हे एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. बायको म्हणाली होती, “मोठंच घ्या. एकदाच घेणं होते. दिवाण सरकवू तिकडं, काय होते?” मी तिला म्हटलं, बाईलाच लहान पाहिजे, तिच्या हाताला जड चालत नाही. मग मशीन आलं. बाईनं खोक्यासोबत आलेल्या साच्यातून एक फुलपाखरू कापून पाहिलं. खूश झाली, दांडा दोनदा उगीचच फिरवला. नंतर तिनं नवं कोरं कार्डशीट घेतलं, दुसरं एक पाकीट उकलून त्याच्यावर ठेवून आखलं आणि पाकिटाचा साचा मागवण्याआधी जातं का पाहायला मशीनच्या तोंडाशी नेलं. कागद दोन्ही बाजूंनी बाहेर राहिला. तिनं आडवा धरून पाहिला, मग तिरपा. मग माझ्याकडे पाहिलं.

“तुले माप देलं होतं नं गा मी?”

मी आवाज खाली घेतला, कारण बायको आत होती. “मोठंच घेणार होतो बाई. पण तिचं म्हणणं पडलं, घरात पसारा होते. मी काय बोलू?”

बाईनं कागद खाली ठेवला. “बरोबर आहे तिचं,” ती म्हणाली. “घर तिचं हाये.”

रामदासपेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंच्या घरचं लग्न होतं. त्यांच्या तीनशे पाकिटांचं काम बाईनं मशीनच्या भरवशावर घेतलं होतं, म्हणजे माझ्या भरवशावर. पाकीट दोन तुकड्यांत कापून मध्ये खळ लावून जोडायचं करून पाहिलं. सांधा दिसत होता. मग तिनं तीनशेच्या तीनशे कात्रीनं कापली. अंगठ्याला तेल लावायची, फडकं बांधायची आणि कापायची. मी येताजाता विचारायचो, “होऊन राहिलं नं बाई?” माझी विचारपूस अगदी नियमित होती. बायको तिच्यासोबत खळ लावायला बसायची. दोघी कामापुरतं बोलायच्या. बाईला वाटायचं, हिला आपला पसारा खुपतो. बायकोला वाटायचं, यांना माझ्या हातचं पटत नाही. दोघी इतक्या समजूतदार की कोणीच कोणाला विचारलं नाही, आणि माझं खोटं घरात सुखानं नांदलं.

काम पोचतं झालं आणि आठवड्याभरात बाईनं मशीन मिटलं. पंख आत, मूठ वर. “बरं सोयीचं आणलं तू,” बसस्टँडवर मला म्हणाली. “हातात धरता येते.” ती टोमणा मारत होती की खरंच म्हणत होती, ते मला कळलं नाही. मी तिला खिडकीची जागा पकडून दिली, पाण्याची बाटली दिली आणि घरी येऊन समोरच्या खोलीत पाय लांब करून बसलो. कूलर सुरू होता. काहीच उडत नव्हतं.

दोन वर्षं अशीच गेली. सणावाराला फोन, तब्येत, हवापाणी. आमच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा प्रश्न आला पत्रिकेचा. आमच्यात पहिली पत्रिका आत्याच्या हाती देतात. इथे तर पत्रिका करणारी आत्याच होती. मुलीला आत्याच्या हातचं पिंपळपान पाहिजे होतं. बायको म्हणाली, “मी नाही मागत त्यांना. त्यांचं मन नाही लागलं आपल्या घरी. तुम्ही विचारा.”

“दोघं जाऊ,” मी म्हटलं. फार मोठेपणानं म्हटलं.

एसटीत तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “मी काय केलं होतं हो त्यांना?”

मी म्हटलं, “उन्ह लागून राहिलं का? परदा ओढू?”

उमरेडला बाई दारातच बसली होती, समोर चौरंगावर ते मशीन. दोन उन्हाळ्यांत प्लेटा कमानीसारख्या वाकल्या होत्या. त्या ती उलट्यासुलट्या करून लावत होती. शेजारी डब्यात फुलपाखरं, भेटवस्तूला बांधायच्या चिठ्ठ्या, दुकानदाराला द्यायची लेबलं.

“पाकिटं?” मी विचारलं.

“अंगठा कुठं चालते आता. सहा इंचात बसन तेवढंच करते.” मग बायकोकडे वळून एकदम औपचारिक हसली. “बस वं. तुमच्याकडं आता पसारा नसन. बरं वाटत असन.”

“कोणाचा पसारा, बाई?” बायको म्हणाली.

इथे मला सवयीनं काहीतरी सुचलं होतं. चहाचं काढता आलं असतं, मुलीच्या सासरचं काढता आलं असतं. वाकडी प्लेट हातात घेऊन त्याबद्दल दोन शब्दही बोलता आले असते. प्लेट मी हातात घेतलीही.

“तिनं काही नव्हतं म्हटलं, बाई,” मी म्हटलं. “ती मोठंच घ्या म्हणत होती. दिवाण सरकवायला निघाली होती. लहान मी घेतलं. माप पाहून घेतलं. पाकीट जात नाही हे मले माहीत होतं.”

“काहून गा?”

“तुले उचलून नेता यावं म्हणून.”

बाईचा हात दांड्यावर होता. तिनं अर्धवट गेलेली चळत पूर्ण बाहेर काढली, फुलपाखरू सोडवलं, डब्यात टाकलं. बायको माझ्याकडे पाहत नव्हती. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती.

“तू तक्ता केला होता नं मोठा?” बाई म्हणाली. “त्यात हे होतं का?”

“होतं. मूठ आहे का, असा रकाना होता.”

“मंग बरोबर. कागदावर हाये तर चूक नाही तुयी.”

मी प्लेट खाली ठेवली. बाई उठली आणि बायकोला म्हणाली, “चाल वं आत. चहा मांडू.” आणि मला म्हणाली, “तवर दांडा फिरव. पन्नास चिठ्ठ्या राहिल्या.”

मी दांडा फिरवत बसलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि दोघींचं हळू बोलणं. दोन वर्षांचं होतं, वेळ लागणारच. माझं नाव एकदाही ऐकू आलं नाही. चहा मला सर्वांत शेवटी मिळाला, तोही थंड.

परतीच्या बसमध्ये बायको दुसऱ्या सीटवर बसली. घरी ती हळूहळू बोलायला लागली, आधी भाजीबद्दल, मग गॅसबद्दल. त्या विषयावर एकदाच म्हणाली, “माझ्या नावानं नव्हतं करायचं तुम्ही.” फक्त लहान मशीन घेतलं असतं तर तिनं मला माफ केलं असतं, असं मला वाटतं. पण मी विचारलेलं नाही.

मुलीच्या पत्रिका सहा इंचात बसतील अशाच झाल्या. लोक म्हणाले, वा, काय नाजूक कल्पना आहे. पिंपळपान बाईनं कात्रीनं कापलं, पण फक्त पहिल्या पत्रिकेवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या. बाकीच्यांवर ते छापून घेतलं.

लग्नानंतर बायकोनं आणि बाईनं फोनवर दहा मिनिटांत मोठं मशीन पसंत केलं. तक्ता नाही, कोटेशन नाही. बायकोनं स्क्रीनवरची रुंदी वाचली, बाईनं तिकडे एक पाकीट उकलून मोजलं, झालं. मी मध्ये म्हटलं की ते आमच्याच घरी ठेवू, टेबल आणतो, बाई तू ये. मनापासून म्हटलं. बाई फोनवर म्हणाली, “नको गा. माझं घर हाये.”

मशीन पोचवायचं काम माझं. त्याला मूठ नाही, ते मिटत नाही, आणि कुठूनही धरलं तरी ते हाताला रुततं. मी ते मांडीवर घेऊन उमरेडपर्यंत गेलो. बसमधल्या प्रत्येकानं विचारलं यात काय आहे, आणि प्रत्येकाला मी रोलर, प्लेटा आणि साचे समजावून सांगितले. बाईनं टेबल आधीच लावून ठेवलं होतं, खिडकीशी. मशीन ठेवल्यावर तिनं एका कोपऱ्याला हात लावून ते हलवून पाहिलं. हललं नाही.

“चांगलं जड हाये,” ती म्हणाली. मी खिशातून ते पाकीट काढलं, ऑफिसच्या फाईलमधलं, घडी पडलेलं. तिनं ते पाहिलं, बाजूला ठेवलं आणि नवा कागद घेतला.