गेंटमध्ये मी डावीकडे का वळले

परभणीच्या पलीकडे मी कधी रस्ता चुकले नव्हते, कारण परभणीच्या पलीकडे एकटी कधी गेलेच नव्हते. त्यामुळे बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या परिषदेत काळ्या मातीच्या भेगांवर बोलायला माझी निवड झाली, तेव्हा आनंदाच्या आधी मी नकाशा उघडला. तीन वर्षांचं काम होतं आणि ते लोकांपुढे मांडायची ही पहिलीच संधी.

जाणाऱ्यांसाठी सांगते: ब्रसेल्सच्या विमानतळाखालूनच रेल्वे मिळते, तासाभरात गेंट. गावात ट्राम आहे. चढल्यावर यंत्राला बँकेचं कार्ड टेकवायचं. एकदाच. पहिल्यांदा नीट लागलं नसेल या भीतीने मी दोनदा टेकवलं आणि दोनदा पैसे भरले. बटाट्याच्या तळलेल्या फोडी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, पण शाकाहारी असाल तर आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी त्या जनावराच्या चरबीत तळतात. मी विचारलं. मग खोलीवर येऊन पाव आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं भाषण. मोबाईल सांगत होता, कालव्यापाशी उजवीकडे. खात्री असावी म्हणून मी काठी आणि म्हातारं कुत्रं घेऊन उभ्या असलेल्या एका आजोबांना विद्यापीठ विचारलं. त्यांनी काठी डावीकडे केली.

आता बाबांनी मला शाळेत घालायच्या आधीच घरात शिकवलंय की, थोरल्या माणसाला वाट विचारली तर तो सांगेल तिकडंच जायचं, न्हाईतर विचारायचंच न्हाई. आजोबा बघत होते. मी डावीकडे गेले. वाटलं, पुढच्या पुलावरून वळून येऊ. पूल काही येईना. परत फिरले तर आजोबा तिथेच! मी शेजारच्या बेकरीत शिरले. शिरल्यावर काही न घेता निघणं बरं दिसत नाही, म्हणून एक बन घेतला आणि आमच्या गावी, सेलूला, बाबांच्या बियाण्यांच्या दुकानात फोन लावला.

"पोचलीस का माय?"

"न्हाई बाबा. त्या आजोबांनी उलटी वाट सांगितली, अन् ते अजून उभेच हायत. त्यांच्यासमोरून कशी जाऊ?"

"आगं, ते काय तुझे सासरे हायत का?"

मागून आईचा आवाज आला, "सासरा असता तर एव्हाना त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या हिनं!"

"पण बाबा, तुमीच शिकवलंय ना."

"म्या सेलूपुरतं शिकवलं होतं! जाय लवकर."

मी मान खाली घालून निघाले. आजोबांनी मला लांबूनच हाक मारली. "माफ कर मुली! इथे विद्यापीठाच्या इमारती गावभर आहेत. तू निघून गेल्यावर लक्षात आलं, मी भलतीच सांगितली. तू परत येशील म्हणून थांबलो होतो."

एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं? पण ते सोबतच निघाले. आजोबांचे गुडघे दुखत होते, कुत्र्याचेही दुखत असावेत. रस्त्याच्या टोकाला इमारत दिसत होती, घड्याळही दिसत होतं, पण थोरल्या माणसाला मागे टाकून पळायचं कसं? मी कुत्र्याच्या मागे, कुत्र्याच्या वेगाने चालत राहिले.

पोहोचले तेव्हा माझं नाव पुकारून झालं होतं. संचालन करणाऱ्या बाईंनी मला सगळ्यांत शेवटी, जेवणाच्या तोंडावर उभं केलं. अर्धी खोली रिकामी, उरलेली भुकेली. तरी एका बाईंनी विचारलं, भेगा किती खोल जातात? अख्खा हात खांद्यापर्यंत आत जातो, असं मी हात लांब करून दाखवलं, तशी दाराकडे निघालेली दोन माणसं परत बसली.

घरी येऊन महिना झाला. गेंटचे मनोरे फोटोंत आहेत. माझ्यात उरलंय ते वेगळंच. परवा मी दुकानात असताना एकाने कापसाच्या मार्केटचा रस्ता विचारला. मी सांगितला आणि लगेच पाठ फिरवून पाकिटं लावायला लागले.

बाबा म्हणाले, "आगं, तो उलटा चाललाय की!"

"जाऊ द्या बाबा, त्याच्याकडं बघू नका. म्हंजे त्याला वळता येईल."