घंटीचं फाटक

लिंबाजी मिस्त्री मला पहिल्यांदा दिसले ते आमच्या मागच्या कुंपणावरून आत येताना. भर दुपारी, काटेरी तारेवर पोतं टाकून, पन्नाशी उलटलेला हा माणूस एका दमात आत उतरला. मी झाडू घेऊन धावले.

"भिऊ नका ताई, मीच मिस्त्री," पायजमा झटकत ते म्हणाले. "चोराला किती टाईम लागतो ते बघायलो."

कुंपणाचं काम असलं की ते रोज असेच यायचे, हे मला नंतर कळलं. म्हणायचे, "फाटकातून आलं की मालक दाखवील तेवढंच दिसतं."

चुडाव्याला आमचं घर रेल्वेच्या रुळांना पाठ करून आहे. आमच्या आळीत लागोपाठ दोन घरं फुटली होती. नवरा नोकरीपायी बाहेरगावी, घरात मी आणि अण्णा, माझे वडील. अण्णांची मास्तरकी रोज गाडीनं जाऊन-येऊन झाली. आता त्यांना जेवल्याचंही आठवत नसे. मी मिस्त्रींना माझी यादी ऐकवली. सात फूट भिंत, वर काचा, काचांवर काटेरी तार आणि जमलं तर तारेत करंट.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "अन् तोफ कुठं ठिवायची?"

मला हसू आलं नाही. मग ते मला मागच्या तारेपाशी घेऊन गेले. "ही मधली तार बगा. खाली वाकल्याली हाय. आतून कुनीतरी पाय दिऊन दाबायलंय." काट्याला पांढरा धागा लटकत होता. "गुरुजी धोतर नेसतेत ना?"

माझा पाराच चढला. आत्ता आलेला माणूस मला माझ्या बापाबद्दल सांगणार! "चोर रस्त्यानं येतात. पुढची बाजू आधी करा," मी फटकारलं. ते "बरं" म्हणाले आणि पुढं खड्डे खणू लागले. पण पहारीच्या दर दोन घावांनंतर ते मागं वळून बघायचे. कामचुकार आहे, असं मी मनात म्हटलं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी चहा टाकला होता, एवढ्यात मिस्त्री ओरडले, "ताई, गुरुजी!"

मागं धावले. अण्णा कुंपणापलीकडे होते. काखेत पिशवी, धोतर फाटलेलं आणि रूळ दहा पावलांवर. गाडीची शिट्टी ऐकू आली. पुढच्या फाटकाला मी कायम कुलूप लावत असे, ते काढून वळसा घालायला वेळ नव्हता, म्हणून मी तारांमधून घुसले आणि पदर काट्यात अडकला. ओढला तसा आणखीच गुंतला. मी "अण्णा, अण्णा" ओरडत होते आणि ते मागं वळूनही बघत नव्हते. ज्या तारेला मला अजून काटे हवे होते, तिनंच मला धरून ठेवलं होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

मिस्त्रींनी या वेळी पोतंही टाकलं नाही. नुसत्या हातांनी तार धरून ते पलीकडे गेले. मला वाटलं, आता अण्णांना ओढतील. अण्णांना कुणी धरलं की ते हिसडा देत, हे त्यांनी तीन दिवसांत पाहिलं असावं. ते अण्णांच्या शेजारी जाऊन सावकाश म्हणाले, "गुरुजी, ही गाडी आपली न्हाई. आपली मागून यायलीय. बसू जरा."

अण्णा थांबले. "लेट आहे का?"

"लय लेट हाय."

दोघं खाली बसले. गाडी धडधडत समोरून गेली. मिस्त्रींच्या तळहातातून रक्त ठिबकत होतं आणि अण्णा त्यांना वेळापत्रक समजावून सांगत होते.

अण्णांना परत आणून मिस्त्री माझा पदर सोडवू लागले, तेव्हा मी रडत म्हणाले, "आता मागंच भिंत घाला. चांगली उंच."

"भिंतीला गुरुजी खुर्ची लावतेल. अन् पल्याड पडले तर आपल्याला दिसायचे बी न्हाईत." पदरातला शेवटचा काटा काढत म्हणाले, "दार असलं की मानूस तारेतून जात न्हाई, ताई."

त्यांनी काटेरी तार काढून टाकली. चारी बाजूंनी आरपार दिसणारी उंच जाळी लावली आणि रुळांपासून लांब, आळीच्या बाजूला, बिनकुलपाचं एकच फाटक ठेवलं. फाटकाला कडी जड आणि वर बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी. "चोराला बी ऐकू येती ही," ते म्हणाले. पुढं दोन वर्षं अण्णा रोज त्या फाटकातून शाळेला निघाले. घंटी वाजली की मी हातातलं टाकून पळायचे आणि गाडी लेट असल्याचं सांगून त्यांना परत आणायचे.

अण्णा गेले ते घरातच, झोपेत. तिसऱ्या दिवशी सकाळी घंटी वाजली आणि मी उठून पळाले. अंगणात पोचल्यावर आठवलं.

फाटकात लिंबाजी मिस्त्री उभे होते, हातात पाना. ते फाटकातून आल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आज कुंपणावरून नाही?"

"दुखवट्याच्या घरी तसं येऊ न्हाई." त्यांची मान खाली होती. "घंटी वाजली की तुमी पळत येताल, म्हनून ती काढायला आलतो. तर मीच वाजीवली."

"राहू द्या, मिस्त्री," मी म्हणाले.

त्यांनी पाना खिशात घातला. जाताना घंटी मुठीत घट्ट दाबून धरली, फाटक ओढलं, कडी घातली आणि बाहेर उभे राहून, फाटकाचं हलणं पार थांबेपर्यंत घंटी सोडली नाही.