पालथा हात

काम संपलं की ते पालथा हात वायरीवर ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात ना, तसा. मिनिटभर थांबायचे आणि म्हणायचे, "गार हाय. जा आता."

महाडला ज्यांनी कधी गाडीचं वायरिंग करून घेतलंय, त्यांनी हा हात पाहिला असेल. आम्ही पोलादपूरचे ड्रायव्हर त्या वायरिंगवाल्याला काका म्हणायचो. त्यांची एक रीत होती. काढलेला जुना भाग कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. "तुझा माल तुझ्याकडं. माझ्यावर इस्वास कशाला ठेवतोस, डोळ्यांनी बघ."

माझ्या गाडीच्या डिकीत त्यांनीच सॉकेट बसवलं होतं. भावाने दुबईहून आणलेली, पाण्याच्या बाटल्या गार ठेवणारी थंड पेटी मी त्यावर लावायचो. पुढे त्याच्यावर चाकात हवा भरायचा पंपही लावायला लागलो. फ्यूज उडायचा. काकांनी बजावलं होतं, "फ्यूज जळतो तो वायर वाचवायला. मोठा घालू नको रे." मी मोठा घातला. हिरवा, तीस अँपिअरचा.

घाटात डिकीतून धूर आला. गाडीत लग्नाचं वऱ्हाड होतं. बायका, पोरं रस्त्यावर उड्या टाकून उतरली. कुणाला इजा झाली नाही, पण मी हादरलो होतो. तसाच महाडला गेलो आणि दहा ड्रायव्हरांसमोर ओरडलो, "काका, तुमच्या कामापायी माणसं जळाली असती आज!"

काकांनी फ्यूजचं झाकण उघडलं. आत पाहिलं, मग माझ्याकडे. जळकी वायर बदलली, नवं सॉकेट बसवलं, पालथा हात ठेवला. कागदाची पुडी देताना हळूच म्हणाले, "घरी जाऊन उघड."

पुडीत वितळलेलं सॉकेट होतं. आणि वेगळ्या चिठोऱ्यात गुंडाळलेला माझा हिरवा फ्यूज.

फ्यूजचं मी कुणालाच सांगितलं नाही. स्टँडवर माझ्या शब्दाला वजन होतं. पोलादपूरच्या गाड्या त्यांच्याकडे जायच्या थांबल्या. वर्षभरात त्यांनी दुकान बंद केलं आणि शिवथरच्या बाजूला गावी गेले. जाऊ, सांगू, म्हणता म्हणता दोन वर्षं काढली. मग ते वारल्याचंच कळलं.

मी त्यांच्या गावी गेलो तेव्हा त्यांची बायको, काकी, ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी सांगायच्या आधी त्याच म्हणाल्या, "नजर अधू झालेली ह्यांची. कुणाची तरी गाडी पेटली म्हनं. त्यानंतर हातात पक्कड नाय धरली."

म्हणजे काकांनी घरातसुद्धा खरं सांगितलं नव्हतं.

मी खिशातला हिरवा फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"मला तरी सांगायचं व्हतं ह्यांनी," म्हणाल्या. मग उठल्या. "ह्यांनी बसवलेलं सॉकेट हाय अजून गाडीत?"

मी डिकी उघडली. पेटी चालूच होती. काकींनी पदराला हात पुसले आणि पालथा हात सॉकेटच्या वायरीवर ठेवला. मिनिटभर. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस केलं नाही.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "जा आता."